पगार शिंद्यांचा, हुकूम साहेबाचा: मुलांना ग्वाल्हेरचं १८५८ कसं सांगावं

"काकू, म्हणजे शिंदे गद्दार होते का?"

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गात हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि बहुधा सातवीतलंच कुणीतरी विचारतं. हिंदीच्या पुस्तकातली झाशीच्या राणीवरची कविता त्या सुमारास तोंडपाठ झालेली असते. तिच्यात शिंद्यांना इंग्रजांचा मित्र म्हटलंय. आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचे पूर्वज शिंद्यांच्याच मागोमाग इकडे आलेले. कुणी दप्तरात, कुणी फौजेत, कुणी देवघरात पूजेला. घरी दिवाणखान्यात महाराजांची तसबीर आणि शाळेत ती कविता. पोरानं करायचं काय?

पहिली दोन-तीन वर्षं मी "मोठे झालात की कळेल" म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर वाईट होतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला न्याय-अन्याय फार लवकर कळतो. समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांकडेही आपापली कारणं असतात, हे मात्र पचायला वेळ लागतो. ग्वाल्हेरची गोष्ट नेमकी तिथे कामाला येते, शिवाय ती पायी फिरून दाखवता येते. म्हणून मी ज्या क्रमानं सांगते त्याच क्रमानं इथे लिहिते.

१८५७ च्या उठावाची सुरुवात मेरठपासून करू नये असं माझं ठाम मत आहे. काडतुसं, चरबी, मंगल पांडे हे मुलांना आधीच माहीत असतं आणि ते ऐकताना डोळे पेंगतात. मी फळ्यावर चार नावं लिहिते. लष्कर, कंपू, पडाव, शिंदे की छावणी. यातलं कुणाच्या पत्त्यात काय येतं? भराभर हात वर होतात. कुणाची आत्या कंपूत राहते, कुणाची शिकवणी पडावाला. मग विचारते, चारही नावांत सारखं काय? थोडा वेळ जातो, पण कुणीतरी ओरडतंच, सगळी फौजेची नावं!

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ पुन्हा हललाच नाही. तंबूंच्या जागी घरं आली, घरांभोवती बाजार आले, आणि नाव मात्र लष्करच राहिलं. कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ. "त्यांचा वेगळाच कंपू आहे" असं आपण म्हणतो, तो शब्द हाच. (हे सांगितलं की पुढचा अर्धा तास पोरं एकमेकांना कंपूवाले म्हणत बसतात. बसू द्यावं.)

शहर फौजेचं आहे हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. फौज कुणाची?

इथे गोष्ट अवघड होते आणि बहुतेक पुस्तकं हा भाग एका ओळीत उरकतात. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार अशा दोन ठिकाणी इंग्रजांनी ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव केला. गादीवर होते दत्तक आलेले जयाजीराव, वय जेमतेम नऊ. पुढच्या वर्षीच्या तहात शिंद्यांची स्वतःची फौज छाटली गेली, पायदळ ३,००० आणि तोफा ३२, त्याच्या वर नाही. आणि वेगळीच एक फौज उभी राहिली, ग्वाल्हेर कंटिन्जंट. तिचा खर्च शिंद्यांच्या खजिन्यातून, तिचे अधिकारी इंग्रज, तिचा तळ शहराशेजारच्या मुरारला. शिपाई बहुतेक अवध आणि आसपासचे, म्हणजे कंपनीच्या पलटणींत होते त्याच गावांतले, त्याच घरांतले.

वाक्यात सांगून हे मुलांना कळत नाही. खेळात कळतं. एका मुलाला मी दहा-दहाची नाणी देते, तो राजा. एका मुलीला शिट्टी देते, ती साहेब. पाच जण शिपाई. राजा प्रत्येकाला पगार वाटतो, साहेब शिट्टी वाजवून कवायत घेते. दोन मिनिटं मजेत जातात. मग मी राजाच्या कानात सांगते, "यांना उजवीकडे बोलाव," आणि साहेबाच्या कानात, "डावीकडे." शिपाई जागीच थबकतात. कुणी नाण्याकडे बघतं, कुणी शिट्टीकडे. एका वर्षी एका मुलानं नाणं टेबलावर ठेवलं आणि सरळ दाराबाहेर चालू पडला. "मला दोघंही नकोत." मी त्याला परत बोलावलं आणि म्हटलं, १४ जून १८५७ च्या रविवारी मुरारमध्ये जवळपास हेच झालं.

जवळपास, कारण तिथे रक्त सांडलं. मुरारच्या छावणीत कंटिन्जंटनं आपल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर बंदुका चालवल्या, बरेच मारले गेले, वाचलेले आग्र्याकडे पळाले. त्याच महिन्यात झाशीत इंग्रज बायकामुलांसकट मारले गेले होते. पुढे एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा गल्लीबोळांत शिरून बिजन, म्हणजे सरसकट कत्तल, केलं. त्या वेळी शहरात अडकलेले पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक ते सगळं लिहून ठेवून गेलेत. बिचारे निघाले होते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून, आणि सापडले थेट गदरात. मुलांपासून हे लपवू नये, पण चवीनं सांगूही नये. दोन्हीकडचं सांगावं, दोन वाक्यांत सांगावं आणि पुढे जावं. या वयात हिंसेचं वर्णन लांबलं की बाकी सगळं विसरलं जातं.

आता स्वातंत्र्य हा शब्द. मुलं विचारतात, जिंकले असते तर निवडणूक झाली असती का? हसू येतं, पण प्रश्न बरोबर आहे. लढणाऱ्या प्रत्येकाच्या मनात वेगळं काही होतं. लक्ष्मीबाईंना झाशी परत हवी होती. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव वारले, आदल्याच दिवशी दत्तक घेतलेला मुलगा डलहौसीनं वारस मानला नाही, आणि पुढच्या वर्षी संस्थान कंपनीत गेलं. मुलांना मी असं सांगते, "तुझ्या आजोबांनी घर तुझ्या नावावर केलं, आणि नगरपालिका म्हणते, तू सख्खा नातू नाहीस, घर आमचं." नानासाहेबांचं दुखणं वेगळं. दुसऱ्या बाजीरावांना वर्षाला आठ लाखांचं पेन्शन होतं, ते १८५१ मध्ये वारले आणि कंपनीनं ते पेन्शन दत्तक मुलाला, म्हणजे नानासाहेबांना, नाकारलं. शिपायाला महिना सात रुपये मिळत. त्याला धर्म बुडण्याची भीती होती, आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडच्या शिव्यांचा वीट आला होता. बांद्याचे नबाब अली बहादूर, बाजीराव-मस्तानीच्या वंशातले, तेही यात होते. दिल्लीत नाव बादशहाचं, इकडे झेंडा पेशव्यांचा. आज आपण ज्याला देश म्हणतो त्याचा नकाशा यांतल्या कुणाकडेही नव्हता. "परक्याचा हुकूम नको" एवढ्यावर मात्र सगळ्यांचं जमत होतं, आणि ते थोडं नव्हतं.

शब्दाबद्दल आणखी एक. आमच्या आजीच्या तोंडी "गदर" असायचं. इंग्रजांनी शिपायांचं बंड म्हटलं. पुढे आपण स्वातंत्र्यसमर म्हणू लागलो. तिन्ही शब्द फळ्यावर लिहून विचारावं, हा शब्द कोण वापरेल? वही-पेनाशिवायचा हा चांगला पाच मिनिटांचा अभ्यास आहे.

मुरारच्या बंडानंतर जयाजीरावांनी एक हिकमत केली. वय बावीस-तेवीस, बाजूला दिवाण दिनकरराव राजवाडे. बंड केलेल्या कंटिन्जंटला त्यांनी पगार आणि आश्वासनं देत कित्येक महिने ग्वाल्हेरातच खेळवत ठेवलं, म्हणजे ती आग्र्यावर किंवा दिल्लीवर चालून जाऊ नये. अखेर तात्या टोपे आले आणि तिला काल्पी-कानपूरकडे घेऊन गेले. कानपूरला तिनं आधी इंग्रजांना मागे रेटलं आणि डिसेंबरात मार खाल्ला.

मग १८५८ चा उन्हाळा. झाशी पडली, कोंचला हार, काल्पीही गेली. राणी, तात्या, नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब, सगळे थकलेले, जवळ तोफा नाहीत, पैसा नाही. अशा वेळी कुठे जायचं? मुलांपुढे मी नकाशा पसरते आणि कारण त्यांनाच शोधायला लावते. किल्ला इथे, भरलेला खजिना इथे, आग्रा-मुंबई रस्ता इथून जातो, आणि त्या रस्त्यानं खाली उतरलं की दख्खन. पेशव्यांचा झेंडा ग्वाल्हेरवर लागला तर पुण्या-साताऱ्याकडे काय होईल याची धास्ती इंग्रजांना खरोखरच होती. तात्या आधीच गुपचूप येऊन शिंद्यांच्या फौजेत बोलणी करून गेले होते.

१ जून १८५८, मुरारच्या पूर्वेला बहादुरपूर. दिनकररावांचा सल्ला थांबून राहण्याचा होता, पण जयाजीराव स्वतःची फौज आणि आठ तोफा घेऊन निघाले. समोर थकलेले बंडवाले. आणि ऐन लढाईत शिंद्यांची फौज पलीकडे जाऊन मिळाली. महाराजांच्या खास घोडेस्वारांची पागा तेवढी लढली. महाराज धौलपूरमार्गे आग्र्याला गेले.

इथे मी वर्गाला एकच गोष्ट लक्षात घ्यायला सांगते. त्या दिवशी मैदानाच्या अल्याड शिंदे आणि राजवाडे, पल्याड टोपे, रावसाहेब आणि माहेरची तांबे असलेली झाशीची राणी. दोन्ही तंबूंत मराठीच बोलली जात होती. हुकूम मराठीतून सुटले असतील, शिव्याही. मुलं यावर क्षणभर गप्प होतात. इंग्रज विरुद्ध आपण असा सरळ सामना त्यांनी मनात मांडलेला असतो, तो इथे मोडतो. बाकी धड्यातलं काही राहिलं नाही तरी चालेल, पण एवढं राहायला हवं.

पुढचे अठरा-एकोणीस दिवस मी कॅलेंडरवर दाखवते, जूनचं पान फाडून भिंतीला लावून. ३ जूनला फुलबागेत दरबार भरला, रावसाहेब नानासाहेबांच्या वतीनं बसले, पेशवाई जाहीर झाली, बक्षिसं वाटली गेली, ब्राह्मणभोजनं झाली. राणीला हे पटत नव्हतं, ती मोर्चेबांधणीसाठी तगादा लावत होती, असं सगळेच सांगतात. सैनिकांचा थकलेला पगार शिंद्यांच्या खजिन्यातून दिला गेला. या खजिन्याला म्हणायचे गंगाजळी. बातम्यांत परकीय चलनाची गंगाजळी म्हणतात ना, तोच शब्द. तिचे खजिनदार होते अमरचंद बांठिया.

आणि ऊन. हे पुस्तकात नसतं, पण ग्वाल्हेरच्या मुलांना ते सांगावंही लागत नाही. जूनमध्ये आपल्याकडे शाळा का बंद असतात? लू म्हणजे काय, गच्चीवर अनवाणी गेलं की काय होतं, ते त्यांना पाठ असतं. कोंचच्या लढाईत इंग्रजांचा खुद्द सेनापती ह्यू रोज उन्हानं पडला होता. काल्पीनंतर तो आजारपणाच्या रजेवर निघालेला. ग्वाल्हेर गेल्याची बातमी आली आणि तो परत फिरला. लोकरी कोट घालून याच उन्हात ही माणसं लढली. एका मुलीनं विचारलं, "आणि घोडे? घोड्यांना पाणी कोण देत होतं?" इतक्या वर्षांत मला हा प्रश्न सुचला नव्हता. ज्याच्या हातात विहीर त्याच्या हातात लढाई, असं बोलत बोलत आम्ही सगळे मिळून उत्तराशी पोचलो.

१६ जूनला रोजनं मुरार घेतलं. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून दुसरी तुकडी कोटा की सरायला भिडली. त्या लढाईत लक्ष्मीबाई पडल्या. १९ ला लष्कर शहर इंग्रजांकडे गेलं, २० ला किल्ला, आणि त्याच दिवशी जयाजीराव आपल्या शहरात परतले.

राणीचा दिवस कोणता? इंग्रजांची कागदपत्रं १७ म्हणतात, आपण १८ जूनला पुण्यतिथी पाळतो. वय? जन्म १८२८ धरला तर एकोणतीस, १८३५ धरला तर बावीस. "परीक्षेत काय लिहायचं?" हा प्रश्न येणारच. परीक्षेत पुस्तकातलं लिही, पण वहीत दोन्ही लिही, आणि शेजारी कोण म्हणतं तेही लिही. शेवटाबद्दलही असंच. घोडा नवा होता, स्वर्णरेखेच्या नाल्यापाशी अडला, जखमी राणीला बाबा गंगादासांच्या शाळेत (म्हणजे साधूंच्या मठात) नेलं, तिथल्या गवताच्या गंजीवर दहन झालं, आणि देह इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून ७४५ साधू लढून मेले, ही शाळेची परंपरा. ह्यू रोजनं लिहिलं ते असं, की किल्ल्याच्या पायथ्याशी एका चिंचेच्या झाडाखाली आपण तिची रक्षा पाहिली. एक कथा भक्तांची, एक शत्रूची. दोन्हींमध्ये काय जुळतं ते शोधा म्हटलं की मुलं हुशार निघतात. जागा जुळते, दहन जुळतं, आणि शत्रूलाही ती जागा मुद्दाम पाहावीशी वाटली, हेही.

आता तो पहिला प्रश्न. गद्दार होते का?

मी उत्तर देत नाही, हिशोब मांडते. जयाजीराव नऊ वर्षांचे असताना त्यांच्या फौजेला एका दिवसात दोन ठिकाणी हरताना अख्ख्या दरबारानं पाहिलं होतं. इंग्रज जिंकणार हा त्यांचा अंदाज होता आणि तो खरा ठरला. राज्य वाचलं. बक्षीस म्हणून तीन लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख मिळाला, पायदळ ३,००० वरून ५,००० आणि तोफा ३२ वरून ३६ करायची परवानगी मिळाली. आपल्याच राज्यात चार तोफा वाढवायला परवानगी! आणि ज्यांना मदत केली त्यांनी किल्ला मात्र स्वतःकडे ठेवून घेतला, पुरी अठ्ठावीस वर्षं. १८८६ मध्ये तो परत मिळाला तो बदल्यात झाशी देऊन. होय, झाशीच. १८६१ पासून झाशी शहर शिंद्यांकडे होतं. जिच्यासाठी राणी लढली ती झाशी आणि ज्याच्या पायथ्याशी ती पडली तो किल्ला, यांची अदलाबदल एका कागदावर झाली. हे वाचून दाखवलं की मोठी मुलं हसतात, पण त्या हसण्यात गंमत नसते.

माझं मत विचाराल तर "गद्दार" हा शब्द वर्गात पंधरा मिनिटांहून जास्त टिकू देऊ नये. तो बोलला की विचार संपतो. पण उलट बाजूला महाराजांची बाजू सावरून घेण्याचीही आपल्या मराठी घरांत एक सवय आहे. "त्यांचा नाइलाज होता" म्हणायचं आणि विषय बदलायचा. नाइलाज असता तर १ जूनला थांबून राहता आलं असतं. ते तोफा घेऊन निघाले. तो त्यांचा निर्णय होता, आणि त्यांच्याच शिपायांचा निर्णय वेगळा होता.

शेवट घाईत सांगावा. तात्या पुढे दहा महिने लढत राहिले, पकडून दिले गेले, १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत फाशी. येवल्याचा माणूस आमच्या शेजारच्या जिल्ह्यात संपला. रावसाहेबांना १८६२ मध्ये कानपूरला फाशी. राणीचा दत्तक मुलगा दामोदर इंदूरला राहिला, १९०६ मध्ये तिथेच वारला. आपल्यातल्या कुणाच्या पणजोबांनी त्याला पाहिलंही असेल.

मुलांना फिरवायचं असेल तर सकाळी सहाला निघावं, नऊच्या आत परतावं, प्रत्येकाकडे पाण्याची बाटली. आधी फुलबागेजवळची समाधी, मग गंगादासांची शाळा, मग स्वर्णरेखेचा काठ. नाला आता सिमेंटच्या भिंतींत बांधलेला आहे, वासही येतो, आणि मुलं हमखास म्हणतात, "बस, एवढाच?" जयविलास राजवाडा दाखवायचा मोह टाळावा. तो १८७४ चा आहे, या गोष्टीत नाहीच, पण एकदा झुंबरं पाहिली की पोरांच्या डोक्यात गदर झुंबरांखालीच घडतो. सगळ्यात शेवटी सराफा, म्हणजे बाड्यावर कचोरी खाता येते.

गेल्या खेपेला सराफ्यात उभं राहून मी गंगाजळी बंडवाल्यांना उघडून देणाऱ्या बांठियांची गोष्ट सांगितली. २२ जून १८५८, इथेच, कडुनिंबाच्या झाडाला फाशी. मुलं द्रोण हातात घेऊन ऐकत होती. खेळात साहेब झालेल्या मुलीनं विचारलं, "काकू, यांना पगार कोण देत होतं?"

"शिंदे."

"आणि फाशी?"

"इंग्रजांनी दिली."

तिनं बोटं मोजली. "महाराज तर वीस तारखेला परत आले होते ना? म्हणजे इथेच होते. मग ते काय म्हणाले?"

बाकीच्यांचं खाणं थांबलं.